राजारामपुरीतली रविवारची 'इतर देशांच्या राज्यघटना' बॅच: सर एक नंबर, नोट्स मात्र रद्दी

अकॅडमीचं नाव लिहीत नाही, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. राजारामपुरीत गल्लीला दोन-दोन क्लास आहेत त्यामुळं नुसत्या पत्त्यावरनं कुणी ओळखणार पण नाही. राज्यसेवा मुख्य वर्णनात्मक झाल्यापासून कोल्हापुरात जो तो छोट्या छोट्या बॅच काढतोय, त्यातलीच ही एक. रविवारी सकाळी, फक्त इतर देशांच्या राज्यघटना, फी साडेतीन हजार, त्यात नोट्स आणि टेस्ट धरून. मी घेतली ती खरं तर एकाच टॉपिकसाठी, अर्धअध्यक्षीय पद्धत. कारण ब्रिटन सगळ्यांना येतं, अमेरिका सगळ्यांना येते, आणि फ्रान्स आला की 'संसदीय व अध्यक्षीय पद्धतींचे मिश्रण' असं एक वाक्य टाकून सगळे पुढं सरकतात, आणि पेपर तपासणारा पण तेच वाक्य वाचून वाचून कंटाळलेला असणार.

तर रिव्ह्यू.

सर लई भारी आहेत, यात काही वादच नाही. पहिल्या तासाला व्याख्या नाही, तक्ता नाही, बोर्डच्या कोपऱ्यात एकच ओळ लिहिली, 'पंतप्रधानाला घरी कोण पाठवतं?' आणि टॉपिक संपेपर्यंत ती ओळ पुसली नाही, बाकी बोर्ड दहा वेळा पुसायचे पण तेवढा कोपरा सोडून. पुढं जो देश आला त्याला आधी हा प्रश्न. मला वाटतं पूर्ण बॅचची फी त्या एका ओळीत वसूल झाली.

व्याख्या नंतर आली ती पण झटपट. द्युव्हेर्जे नावाचे फ्रेंच अभ्यासक, त्यांनी १९८० मध्ये अर्धअध्यक्षीय कशाला म्हणायचं त्याच्या तीन अटी मांडल्या. राष्ट्राध्यक्ष लोकांनी निवडलेला हवा, त्याच्या हातात बऱ्यापैकी अधिकार हवेत, आणि त्याच्या जोडीला संसदेच्या मर्जीवर टिकणारा पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ हवं. आता 'बऱ्यापैकी अधिकार' मोजायचे कशानं, त्यावरनं भांडणं झाली म्हणून पुढच्या अभ्यासकांपैकी काहींनी ती अधिकाराची अटच काढून टाकली, लोकांनी ठराविक मुदतीसाठी निवडलेला राष्ट्राध्यक्ष आणि संसदेला जबाबदार पंतप्रधान एवढं असलं की झालं. मग यादी मोठी होते आणि त्यात आयर्लंड, ऑस्ट्रिया, आइसलँड पण बसतात, जिथं राष्ट्राध्यक्ष लोकांनी निवडलेला असला तरी रोजचा कारभार पंतप्रधानाचाच (ऑस्ट्रियात चॅन्सेलर म्हणतात, काम तेच). ऑस्ट्रियाच्या राष्ट्राध्यक्षाकडं कागदावर सरकार बरखास्त करायचा अधिकार आहे पण तो वापरायचा नाही अशी तिथं पद्धतच पडून गेलीय.

मग खरा विषय, प्रकार. शुगार्ट आणि कॅरी या दोघांनी १९९२ मध्ये केलेली विभागणी सर धरून चालतात. पहिला प्रकार प्रीमियर-प्रेसिडेन्शियल, म्हणजे पंतप्रधानाला फक्त संसद काढू शकते, राष्ट्राध्यक्ष नेमतो पण काढू शकत नाही. दुसरा प्रेसिडेंट-पार्लमेंटरी, संसद पण काढू शकते आणि राष्ट्राध्यक्ष पण, म्हणजे बिचाऱ्या पंतप्रधानाला दोन मालक. नावं अशी उलटसुलट आहेत की परीक्षेत गोंधळ ठरलेला, पण तो कोपऱ्यातला प्रश्न डोक्यात असला की गोंधळ होत नाही.

बॅचमध्ये निम्मी पोरंपोरी करवीर, कागल, राधानगरीकडची, म्हणून सरांनी थेट सरपंचाचं उदाहरण काढलं. आपल्याकडं २०१७ ला थेट निवड आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली, हे सगळ्यांना पाठ. सरपंच पूर्ण गावानं निवडलेला, सदस्य वॉर्डावॉर्डातनं आलेले, आणि सरपंच एका पॅनेलचा नि बहुमत दुसऱ्या पॅनेलचं असलं तर दोघंही म्हणणार आम्हाला गावानं निवडलंय. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, सर आमच्यात हेच सुरू आहे की ओ, चुलते सरपंच, सदस्य सगळे समोरच्यांचे, गटारीचा ठराव काय पुढं सरकंना. वर्ग हसून लोळला. पण सर लगेच म्हणाले, थांबा, इथं सरपंचाच्या खाली वेगळा पंतप्रधान नाही, त्यामुळं हे अर्धअध्यक्षीय नव्हे, दोन कौल एकमेकांना भिडतात म्हणजे काय ते कळावं म्हणून सांगितलं, पेपरात लिहून मार्क घालवू नका. असा मास्तर पाहिजे, उदाहरण पण देतो आणि ते कुठं तुटतं ते पण सांगतो.

फ्रान्सला दोन रविवार दिले. जास्त झाले असं काहीजण कुरकुरत होते, मला नाही वाटलं. चौथ्या प्रजासत्ताकात (१९४६ ते ५८ ची फ्रान्सची राजवट) बारा वर्षांत वीसपेक्षा जास्त सरकारं पडली, फ्रान्सच्या ताब्यातलं अल्जेरिया पेटलेलं, तेव्हा जनरल द गॉल सत्तेत परत आले आणि १९५८ ची राज्यघटना आली, इथपर्यंत सगळे क्लास शिकवतात. सरांनी पुढचं सांगितलं, की १९५८ ला राष्ट्राध्यक्ष लोकांनी निवडलेला नव्हताच, निवडणारं मंडळ वेगळं होतं, लोकप्रतिनिधी आणि नगरपालिकांचे प्रतिनिधी वगैरे मिळून हजारो लोकांचं. थेट निवडणुकीचा बदल १९६२ च्या सार्वमतानं आला. आणि तो बदल संसदेला टाळून थेट लोकांपुढं नेला म्हणून संसद इतकी भडकली की तेव्हाचे पंतप्रधान पाँपिदू यांच्या सरकारवर अविश्वास ठराव पास केला, द गॉलनी संसदच बरखास्त केली, सार्वमत जिंकलं, वर निवडणूक पण जिंकली. पहिली थेट निवडणूक १९६५ ला. म्हणजे आपण ज्याला फ्रेंच मॉडेल म्हणतो ते सुरुवातीला चार वर्षं तसं नव्हतंच.

आता कोपऱ्यातला प्रश्न. फ्रान्सच्या घटनेच्या कलम ८ प्रमाणं राष्ट्राध्यक्ष पंतप्रधानाला नेमतो, पण पद संपतं ते पंतप्रधानानं राजीनामा दिल्यावर. काढण्याचा अधिकार लिहिलेला नाही. म्हणून फ्रान्स पहिल्या प्रकारात. पण मग सरांनी १९७२ ची गोष्ट सांगितली, शाबाँ-देल्मास पंतप्रधान, मे महिन्यात संसदेत ३६८ विरुद्ध ९६ असा दणदणीत विश्वास मिळवला, आणि जुलै उजाडायच्या आत… म्हणजे जुलैच्या पहिल्याच आठवड्यात राष्ट्राध्यक्ष पाँपिदूंनी सांगितलं म्हणून राजीनामा देऊन घरी. एवढं बहुमत असून! कारण ते बहुमत मुळात राष्ट्राध्यक्षाच्या पार्टीचं. कागदावर पहिला प्रकार, प्रत्यक्षात दुसऱ्यासारखा, जोपर्यंत संसद राष्ट्राध्यक्षाच्या खिशात आहे तोपर्यंत.

आणि खिशातनं सुटली की? १९८६. समाजवादी मित्तराँ राष्ट्राध्यक्ष, संसद उजव्यांनी जिंकली, शिराक पंतप्रधान झाले. यालाच कोहॅबिटेशन म्हणतात. मित्तराँनी खासगीकरणाच्या अध्यादेशांवर सही करायला नकार दिला, शिराकनी तेच संसदेतनं कायदा करून घेतलं. परराष्ट्र आणि संरक्षण माझं असं राष्ट्राध्यक्ष म्हणणार, घरचा कारभार माझा असं पंतप्रधान म्हणणार, आणि त्याच वर्षी टोकियोच्या जी-सात बैठकीला दोघंही हजर. नंतर १९९३ ते ९५ मित्तराँ-बालाद्युर, आणि सगळ्यात लांब १९९७ ते २००२ शिराक-जोस्पाँ, ज्यात गंमत अशी की शिराकनी स्वतः मुदतीआधी संसद बरखास्त करून निवडणूक ओढवून घेतली होती. पाच वर्षं मग विरोधी पंतप्रधानाबरोबर काढावी लागली. हौसेनं केलं आणि अंगाशी आलं.

त्यावर उपाय म्हणून २००० मध्ये सार्वमत घेऊन राष्ट्राध्यक्षाची मुदत सातवरनं पाच वर्षं केली, आणि निवडणुकांचं वेळापत्रक असं लावलं की आधी राष्ट्राध्यक्ष, लगेच मागोमाग संसद, म्हणजे लोक त्याच लाटेत त्याच पार्टीला बहुमत देतील. दिलं पण, २००२ पासून वीस वर्षं. २०२२ ला मॅक्राँचं बहुमत हुकलं. मग २०२४ च्या जूनमध्ये त्यांनी संसद बरखास्त केली आणि तीन तुकड्यांची संसद आली, कुणाकडंच बहुमत नाही. बार्निए सप्टेंबरात पंतप्रधान, डिसेंबरात अविश्वास ठरावानं गेले, १९६२ नंतर पहिल्यांदाच असं झालं. त्यांच्या जागी आलेले बायरू २०२५ च्या सप्टेंबरात विश्वासमतात पडले. इथं सर म्हणाले की ही तिसरी अवस्था, राष्ट्राध्यक्षाचं पण बहुमत नाही आणि विरोधकांचं पण नाही, याला कोहॅबिटेशन म्हणू नका. घटना तीच, कलमं तीच, आणि माणूस बघेल तर तीन वेगवेगळे देश वाटावेत. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

(दुसऱ्या फ्रान्सच्या रविवारी लाइट गेली होती आणि सर खिडकीपाशी उभं राहून अर्धा तास नुसतं बोलत होते, इन्व्हर्टर आहे पण तो फक्त ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडलेला. मॅनेजमेंटनी यावर जरा विचार करावा.)

दुसऱ्या प्रकाराला वायमर जर्मनी घेतलं, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरचं, हिटलरच्या आधीचं, भराभर पण नेमकं. १९१९ ची घटना, राष्ट्राध्यक्ष थेट निवडलेला सात वर्षांसाठी, कलम ५३ नं चॅन्सेलरला नेमायचा-काढायचा अधिकार, कलम ५४ नं संसदेचा विश्वास पण लागणार, कलम २५ नं संसद बरखास्ती आणि कलम ४८ नं आणीबाणीचे वटहुकूम. १९३० ला संसदेनं चॅन्सेलर ब्रूनिंगचा वटहुकूम फेटाळला, राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गनी संसद बरखास्त केली आणि सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझी १२ जागांवरनं १०७ वर. पुढं १९३३ च्या ३० जानेवारीला हिटलर चॅन्सेलर झाला, त्यानंतरचं सांगायला नको. सरांचं म्हणणं असं की दोन मालक असले की पंतप्रधान संसदेत बहुमत जमवायच्या भानगडीतच पडत नाही, राष्ट्राध्यक्षाची मर्जी सांभाळली की काम होतं. मला हे पटलं, पण सगळा दोष घटनेवर टाकायचा म्हणजे त्या वेळची बेकारी नि पार्ट्यांची भांडणं विसरल्यासारखं होतं, ते मी विचारलं पण, सर म्हणाले बरोबर आहे, उत्तरात एक ओळ तशी टाका.

श्रीलंका हा माझ्या मते पूर्ण कोर्सचा बेस्ट तास. शेजारचा देश, आपल्याला क्रिकेटपलीकडं काय माहीत नसतं. १९७८ ची घटना, जयवर्धनेंनी आणलेली, राष्ट्राध्यक्ष इतका ताकदवान की तोच मंत्रिमंडळाचा प्रमुख, पण मंत्रिमंडळ संसदेला जबाबदार. २००१ ला चंद्रिका कुमारतुंगा राष्ट्राध्यक्ष आणि निवडणूक जिंकलेले रनिल विक्रमसिंघे पंतप्रधान, दोन वेगळ्या पार्ट्या. २००३ च्या नोव्हेंबरात रनिल वॉशिंग्टनला गेलेले असताना मागं चंद्रिकाबाईंनी संरक्षण, गृह आणि माध्यमं ही तीन खाती काढून घेतली. मित्तराँ-शिराकसारखं गोड बोलून भांडण नाही, सरळ हातच घातला.

मग २०१५ ची एकोणिसावी दुरुस्ती, तिनं राष्ट्राध्यक्षाचा पंतप्रधानाला काढायचा अधिकार गेला आणि साडेचार वर्षं होईपर्यंत संसद मनमानी बरखास्त करता येईना. म्हणजे देश दुसऱ्या प्रकारातनं पहिल्या प्रकारात सरकला. आणि तरी २०१८ च्या २६ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष सिरिसेनांनी त्याच रनिलना काढून महिंदा राजपक्षेंना शपथ दिली, बहुमत जमेना म्हटल्यावर संसदच बरखास्त केली. रनिल काय सरकारी बंगला सोडायला तयार नाहीत, एका देशाला दोन पंतप्रधान. संसदेत खुर्च्या उडाल्या आणि खासदारांवर मिरची पूड टाकली. मिरची पूड म्हटल्यावर कोल्हापूरच्या वर्गात काय होणार, पाच मिनिटं सरांना बोलताच आलं नाही. शेवटी १३ डिसेंबरला तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की बरखास्ती घटनाबाह्य, आणि रनिल परत पंतप्रधान. पुढं २०२० च्या विसाव्या दुरुस्तीनं राष्ट्राध्यक्ष परत तगडा, २०२२ च्या एकविसाव्यानं परत थोडा कमी. एकाच देशात सगळे प्रकार बघायला मिळतात, नुसतं श्रीलंका नीट केलं तरी पंधरा मार्कांचं उत्तर होतंय बघा.

युक्रेनचं पण तसंच हेलकावे खाणं सांगितलं, २००४ ला संसदेकडं झुकवलं, २०१० ला घटनात्मक न्यायालयानं ते रद्द करून परत राष्ट्राध्यक्षाकडं, २०१४ ला परत उलटं. रशियाला मात्र फार कमी वेळ दिला. २००८ ते २०१२ मेदवेदेव राष्ट्राध्यक्ष आणि पुतिन पंतप्रधान होते तेव्हा सत्ता कुणाकडं होती हे सगळ्यांना माहीत आहे, मग घटनेतल्या प्रकाराचं काय करायचं, हा प्रश्न मला जास्त ऐकायचा होता, तो दहा मिनिटांत उरकला. पोर्तुगाल तर पाच मिनिटं, १९७६ ची घटना, १९८२ ला राष्ट्राध्यक्षाचे अधिकार कापले, पुढं. फिनलंडच्या २००० च्या घटनेनं असंच केलं, तेही एका वाक्यात. पोलंड चालू घडामोडीत गरम आहे, पंतप्रधान तुस्क यांचं सरकार एकीकडं, विरोधी गोटातला राष्ट्राध्यक्ष दुसरीकडं, त्याचा व्हेटो मोडायला तीन पंचमांश मतं लागतात, यावर अख्खा तास पाहिजे होता.

भारताशी जोडणं छान केलं. एकीनं विचारलं, सर उद्या आपला राष्ट्रपती लोकांनी थेट निवडला तर आपण पण अर्धअध्यक्षीय होऊ का? सर म्हणाले, त्या कमी अटींच्या व्याख्येनं हो, पण कलम ७४ तसंच राहिलं, मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक, तर आयर्लंडच्या जवळ जाल, फ्रान्सच्या नाही. फक्त दहा-वीस कोटी मतं घेऊन आलेला माणूस सल्ला मुकाट ऐकेल का, हे घटना सांगू शकत नाही. आणि तिथनं थेट बाबासाहेबांचं ४ नोव्हेंबर १९४८ चं संविधान सभेतलं भाषण, स्थैर्य आणि जबाबदारी दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही आणि मसुद्यानं जबाबदारीला जास्त पसंती दिलीय. हा धागा मी कुठल्याच क्लासमध्ये फ्रान्सला जोडलेला बघितला नव्हता.

आता नोट्स. कुठनं सुरू करू. झेरॉक्सची झेरॉक्स, मधली दोन पानं तिरकी, एक पान कोरं. पण ते सोडा, आतला मजकूर सरांचा नाहीच. कुठल्या तरी जुन्या नोट्स उचलून स्पायरल करून दिल्यात. त्यात तीन रकान्यांचा तोच तक्ता, संसदीय, अध्यक्षीय, मिश्र, आणि मिश्रखाली फक्त 'उदा. फ्रान्स'. श्रीलंका सरळ अध्यक्षीयमध्ये टाकलंय, चार ओळी. तुर्कस्तानात अजून पंतप्रधान दाखवलाय, खरं तर ते पद २०१७ च्या सार्वमतानं रद्द करायचं ठरलं आणि २०१८ ला संपलं. शुगार्ट-कॅरी विभागणीचा पत्ताच नाही. म्हणजे वर्गात सर जे शिकवतात ते नोट्सनं खोडून काढायचं अशी व्यवस्था.

आणि टेस्ट. 'फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाचा कार्यकाल किती?' उत्तरतालिकेत सात वर्षं. मी काउंटरवरच्या ताईंना दाखवलं, त्या म्हणाल्या सरांना विचारा, सर म्हणाले पेपर मी काढत नाही, ऑफिसला सांगा. ऑफिस म्हणजे त्याच ताई. पाच लिहिलेल्या सगळ्यांचे मार्क कापले, वर निगेटिव्ह.

रेकॉर्डिंग मिळतं पण मोबाइल शेवटच्या बाकावर ठेवून केलेलं, पंख्याचा आवाज सरांपेक्षा मोठा, बोर्ड दिसत नाही. पार्किंगचं काय बोलायचं, रविवार असून गल्लीत गाडी लावायला जागा नाही, लवकर या नाहीतर मेन रोडला लावून चालत या. जिना अरुंद. पाणी थंड असतं, खालचा चहा चांगला.

कुणी घ्यावी? राज्यशास्त्र ऑप्शनल असलेल्यांनी डोळे झाकून. नुसत्या जीएसवाल्यांनी (सामान्य अध्ययन) फ्रान्स आणि श्रीलंकेचे तास तेवढे बसता आले तर बघावं, विचारलं तर डेमो म्हणून एखादा तास बसू देतात. फी भरताना नोट्स नकोत म्हणून पैसे कमी करा असं विचारून बघा, माझ्यासमोर एकाचे तीनशे कमी केले. पुढच्या रांगेत बसा आणि वही घेऊन बसा, सर बोलतात ते कुठंही छापलेलं नाही.

पाचपैकी साडेतीन देते. सरांना पाच, बाकी सगळ्याला मिळून दोन. तो सात वर्षांचा प्रश्न दुरुस्त करून मार्क परत दिले की चार करीन.